करदर आणि शब्दार्थ : जबलपूरच्या बाजाराच्या संदर्भात

विड्याचे पान ही भाजी आहे की नाही, हा प्रश्न २८ मार्च १९६१ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. प्रश्न वरकरणी विनोदी वाटेल; परंतु अकोल्याच्या पानव्यापाऱ्यांना तो तसा वाटला नव्हता. मध्य प्रांत व वऱ्हाड विक्रीकर अधिनियम, १९४७ याच्या दुसऱ्या अनुसूचीत करमुक्त जिनसांची यादी होती आणि तीत ‘भाजी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. पान हे वनस्पतीचे अंग आहे, ते हिरवे आहे, ते खाल्ले जाते. तेव्हा ते या शब्दाच्या कक्षेत येते, असा व्यापाऱ्यांचा दावा होता, आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजी शब्दकोशाचा आधार घेतला होता. न्यायालयाने तो मानला नाही. करकायद्यातील शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्रावरून किंवा शब्दकोशावरून ठरवायचा नसून, त्या जिनसेचा रोज व्यवहार करणारी माणसे तो शब्द ज्या अर्थाने वापरतात त्यावरून ठरवावयाचा, असे तत्त्व त्या निर्णयाने पक्के झाले. भाजी म्हणजे परसात पिकणारी व जेवणात वाढली जाणारी; पान तसे नाही; म्हणून पान करपात्र.

कराच्या दरात बदल झाला म्हणजे व्यापारावर काय परिणाम होतो, हा विषय सामान्यतः अर्थशास्त्राचा समजला जातो, आणि तो तसा आहेही. पण दर हा नेहमी कोणत्यातरी नावाला लागलेला असतो. नाव बदलले की दर बदलतो, आणि दर बदलला की त्या नावाच्या सीमेवर उभ्या असलेल्या प्रत्येक जिनसेला आपण आत आहोत की बाहेर, याचा जबाब द्यावा लागतो. या दृष्टीने करदराचा इतिहास हा काही अंशी शब्दार्थाचाच इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात तो जबलपूरच्या संदर्भात पाहावयाचा आहे. हे नगर हिंदी प्रदेशात असले तरी त्याचा राज्यकारभार काही काळ मराठीतून चालला, पुढे दीर्घकाळ त्याचा प्रांत नागपूरशी एक होता, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय होऊन जबलपुरासच गेले. कराची मराठी परिभाषा आणि हिंदी परिभाषा येथे शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

गढामंडळचा प्रदेश १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतले. सुमारे छत्तीस वर्षांचा हा काळ. मराठी राज्यातील व्यापारी करांची नावे या काळाच्या आधीच स्थिर झालेली होती. ‘जकात’ हा शब्द मुळात अरबी. इस्लामी धर्मशास्त्रात तो श्रीमंताने द्यावयाच्या धर्मदानाचा वाचक. मराठीत मात्र त्यातील धर्म पूर्णपणे गळून गेला आणि मालावरील वाटेतला व पेठेतला कर एवढाच अर्थ राहिला. जोडीला ‘हशील’ होते. जकातीचे पोटभेद अधिक लक्षणीय आहेत. माल जेथे भरला जाई तेथे ‘थळभरीत’, जेथे विकला जाई तेथे ‘थळमोड’, आणि त्यावर शिक्का उमटवण्याचा ‘छापा’. कर उगमस्थानी घ्यावा की विक्रीच्या स्थळी, हा वाद आजच्या करशास्त्रातही मध्यवर्ती आहे. १९५६ चा केंद्रीय विक्रीकर उगमाच्या राज्याकडे जाई. २०१७ चा वस्तू व सेवा कर उपभोगाच्या राज्याकडे जातो. जबलपूरचा माल नागपुरास गेला तर पूर्वी त्यावरील केंद्रीय विक्रीकर (२००८ पासून तो २ टक्के होता) मध्य प्रदेशास मिळे. आता त्या करातील राज्याचा वाटा महाराष्ट्रास मिळतो. जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर थळभरीत गेले आणि थळमोड आले. हा भेद दोन शब्दांत सांगण्याची सोय मराठीत अठराव्या शतकात होती, आज नाही. आज त्यासाठी ‘गंतव्यस्थानाधारित’ असा एक अवजड समास वापरावा लागतो.

या काळात दर हे बहुधा ओझ्यावर असत. बैलावर लादलेल्या गोणीला अमुक इतके, असा हिशेब. आत काय आहे याचा विचार होई, पण किमतीचे शेकडा प्रमाण हा आजच्यासारखा सार्वत्रिक मापदंड नव्हता. शिवाय लांबच्या वाटेवर नाके पुष्कळ आणि प्रत्येक नाक्याचा दर निराळा. त्यामुळे ‘हुंडेकरी’ नावाचा एक मध्यस्थ वर्ग निर्माण झाला. व्यापाऱ्याकडून ठोक रक्कम घ्यावयाची, आणि वाटेतल्या सर्व जकातींचा भरणा करून माल मुक्कामी पोहोचवावयाचा, हा त्याचा धंदा. दर किती जड आहे यापेक्षा तो किती अनिश्चित आहे, याची किंमत हुंडेकऱ्याच्या मोबदल्यात दिसे. आजचा करसल्लागार माल वाहून नेत नाही एवढाच फरक.

नागपूरकरांच्या राज्यातील आणखी एक कर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्याचे नाव ‘पांढरी’. मराठी गावाची जमीन दोन रंगांत विभागलेली असते : काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीवर शेतसारा, मग जो काळीत राबत नाही, पांढरीत राहून विणतो, विकतो, घडवतो, त्याच्यावर कर कोणता? तोच ‘पांढरी’. जमिनीच्या रंगाचे नाव प्रथम वस्तीला, आणि मग वस्तीतील बिगरशेती उत्पन्नावरील कराला मिळाले. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागपूर राज्यावरील रिचर्ड जेंकिन्सच्या अहवालात या कराची दखल आहे. इंग्रजांनी मध्य प्रांतात तो पुढेही चालू ठेवला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो रद्द झाला. इंग्रजी कागदपत्रांतही त्याचे नाव भाषांतरित झाले नाही. अशा नावाचे भाषांतर होणारही नव्हते.

हिंदी प्रदेशात याच काळी जो शब्द रूढ होता तो ‘चुंगी’. त्याचा मूळ अर्थ मूठभर, चिमूटभर धान्य. बाजारात आलेल्या पोत्यातून काढून घेतलेला हक्काचा घास. मराठीत याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे ‘फसकी’, परंतु त्याची गती निराळी झाली. चुंगी वाढत वाढत नगरपालिकेच्या प्रवेशकराचे नाव बनली. फसकी मात्र बाजारातील पाटील-बलुतेदारांच्या हक्कापुरतीच राहिली आणि त्या व्यवस्थेबरोबर मागे पडली. तिची जागा मराठीत जकातीने घेतली. म्हणून एकाच कराला जबलपुरात चुंगी आणि अमरावतीत जकात असे नाव पडले. दोन्हीकडे समान राहिला तो ‘नाका’.

मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये चुंगी उठवली आणि तिच्या जागी स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील प्रवेशकर आणला. नगरपालिकांचे बुडालेले उत्पन्न राज्य भरून देई. त्या अनुदानाचे नाव ‘चुंगी क्षतिपूर्ती’ असे पडले आणि ते कर गेल्यानंतर अर्धशतक लोटले तरी टिकून आहे. जबलपुरातील दमोह नाका हा आता केवळ एक चौक आहे. महाराष्ट्रात जकात याहून बरीच चिवट निघाली. अनेक महानगरपालिकांत २०१० पासून स्थानिक संस्था कराने तिची जागा घेतली, पण मुंबईत ती ३० जून २०१७ पर्यंत होती. एका राज्यातील व्यापारी एका पिढीआधी नाक्यावरून सुटला आणि दुसऱ्या राज्यातील सुटला नाही, याचा परिणाम वखारी कोठे बांधल्या गेल्या आणि मालमोटारी कोठे रात्र काढीत उभ्या राहिल्या, यांवर झाला. दर समान असते तरी हा फरक पडलाच असता, कारण नाक्याचा खरा कर वेळेत मोजला जातो.

विक्रीकराच्या इतिहासात मध्य प्रांताचे स्थान मोठे आहे. १९३८ मध्ये या प्रांताने मोटारीचे इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ दराने कर बसवला. केंद्र सरकारचा आक्षेप असा की, देशात उत्पन्न झालेल्या मालावरील हा कर म्हणजे उत्पादनशुल्कच होय आणि ते घेण्याचा अधिकार केंद्राचा. संघराज्य न्यायालयापुढे हा प्रश्न विचारार्थ आला. सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि मुकुंद रामराव जयकर यांच्या पीठाने प्रांताच्या बाजूने मत दिले. वाद कराच्या जडपणाविषयी नव्हता. ‘उत्पादनशुल्क’ या नावात ‘विक्रीवरील कर’ मावतो की नाही, एवढाच होता. १९४७ चा सर्वसाधारण विक्रीकर याच वाटेने आला, आणि त्यातून पानाचा खटला.

पानाच्या खटल्याकडे परत वळले पाहिजे, कारण त्यातील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. मूळ अनुसूचीत भाजीची नोंद जशी होती तशी विड्याच्या पानांची स्वतंत्र नोंदही होती; १९४८ च्या दुरुस्तीने ती गाळण्यात आली. म्हणजे विधिमंडळाने आरंभीच पान भाजीहून वेगळे मानले होते, आणि करमुक्तता काढून घ्यावयाची होती म्हणूनच ती नोंद पुसली. त्यापूर्वी नागपूरच्या संत्रा मार्केटमधील पानव्यापाऱ्यांच्या संघाने हाच प्रश्न नागपूर उच्च न्यायालयापुढे नेला होता आणि तेथेही उत्तर तेच मिळाले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाचा आधार घेतला.

आता गंमत अशी की, हा सारा वाद इंग्रजी शब्दाच्या अर्थाविषयी झाला. मराठीत तो उद्भवलाच नसता. मराठी बाजारात भाजी विकणारा आणि पान विकणारा हे एक नव्हेत. पान तांबोळ्याकडे, भाजी माळ्याकडे. पान मोजून किंवा कवळीने घेतले जाते, भाजी तोलून किंवा जुडीने. पान पानमळ्यात होते, भाजी मळ्यात. पालेभाजीत ‘पाला’ आहे, ‘पान’ नाही. मेथीची जुडी घेताना कोणी मेथीची पाने मागत नाही. एक अपवाद अळूचा : अळूची पाने आपण नावानिशी पाने म्हणूनच घेतो आणि त्यांची वडी करून जेवणात वाढतो. पण अळूच्या पानाला कोणी नुसते ‘पान’ म्हणत नाही, आणि नुसते ‘पान’ म्हटल्यावर अळू कोणाच्या मनात येत नाही. तेव्हा न्यायालयाने जे ‘सामान्य व्यवहारातील अर्थ’ म्हणून शोधून काढले, ते अकोल्याच्या आठवडी बाजारात कोणालाही ठाऊक होते. ते सिद्ध करण्यासाठी इंग्रजी शब्दकोश बाजूला सारावा लागला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कायदा एका भाषेत लिहिला जातो, व्यवहार दुसऱ्या भाषेत होतो, आणि ‘व्यवहारातील अर्थ’ हे तत्त्व त्या दोहोंमधील एक अघोषित भाषांतर असते.

हे अधिक स्पष्ट होते ते कोळशाच्या खटल्यात. मध्य प्रदेशाच्या १९५८ च्या विक्रीकर कायद्यात खनिज कोळशाचा जो इंग्रजी शब्द आहे त्यात लाकडी कोळसा येतो काय, असा प्रश्न होता. विज्ञानाच्या दृष्टीने एक भूगर्भातील खनिज, दुसरा लाकूड जाळून केलेला. इंग्रजीतही दोहोंची नावे स्वतंत्र. तरीही मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लाकडी कोळसा त्या नोंदीत समाविष्ट असल्याचे ठरवले. हिंदी किंवा मराठी बोलणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. हिंदीत कोयला एकच, पत्थराचा किंवा लकडीचा. मराठीत कोळसा एकच, दगडी किंवा लाकडी. विशेषण बदलते, नाम तेच राहते. निर्णयाच्या इंग्रजी वाक्यांखाली हिंदी नामाची ही व्याप्ती वावरत आहे, असे म्हणणे चुकीचे होणार नाही. त्या वखारवाल्याला या एका नामाने सवलतीचा दर मिळवून दिला.

तत्त्व मात्र सर्वत्र सारखे लागू झाले, असे नाही. त्याच वर्षी गुजरातच्या एका प्रकरणात बत्तासा, हारडा आणि इलायचीदाणा या जिनसा ‘साखर’ या नोंदीत येतात, असा निर्णय झाला, कारण त्यांतील द्रव्य साखरेचेच, केवळ आकार निराळा. येथे बाजाराचा नियम लावला असता तर उत्तर उलट येण्याचा संभव होता. गुढीपाडव्याला साखरेची गाठी आणावयास गेलेला मनुष्य वाण्याकडे साखर मागत नाही, आणि चहासाठी साखर आणावयास गेलेला गाठी घेऊन येत नाही. १९७८ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणी पोहे व मुरमुरे हे तांदळातच मोडतात, असे ठरले. त्या निकालपत्रात ‘अटुकुलु’ व ‘मुरमुरालु’ हे तेलुगू शब्द लिप्यंतर होऊन आले आहेत. दोन्ही निर्णय लहान व्यापाऱ्याला अनुकूल होते, आणि खाद्यपदार्थांवरील कर हलका राहावा असा कल त्यांमागे असावा. परंतु शब्दार्थशास्त्र म्हणून ते पानाच्या निर्णयाशी जुळवणे अवघड आहे.

१ जुलै २०१७ पासून अबकारी, मूल्यवर्धित कर, प्रवेशकर, सेवाकर असे अनेक कर एकत्र झाले. नव्या कराचे नावही प्रांतागणिक थोडे बदलते. मराठी विधिभाषेत तो ‘वस्तू व सेवा कर’, हिंदी विधिभाषेत ‘माल और सेवा कर’. मराठीत ‘माल’ हा व्यापाराचा शब्द; मालाला गिऱ्हाईक असते, वस्तूला असेलच असे नाही. हिंदीने बाजाराचा शब्द घेतला आणि मराठीने तत्त्वज्ञानाचा. दर आरंभी मुख्यतः ५, १२, १८ व २८ टक्के असे चार होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते मुख्यतः ५ व १८ असे दोन करण्यात आले आणि काही निवडक जिनसांसाठी ४० टक्क्यांचा दर ठेवण्यात आला. १२ टक्क्यांतील बहुतेक माल ५ वर उतरला, २८ मधील बहुतेक १८ वर. जबलपूरच्या तीन धंद्यांत याचे परिणाम तीन प्रकारांनी दिसतात.

पहिला धंदा तयार कपड्यांचा. जबलपूरचा सलवारसूट मध्य भारतात प्रसिद्ध आहे. लेमा गार्डन येथे या व्यवसायासाठी स्वतंत्र संकुल उभारले गेले. कपड्यावरील कर किमतीच्या पायरीवर ठरतो. २०१७ च्या व्यवस्थेत १,००० रुपयांपर्यंतच्या नगास ५ टक्के आणि त्यावरील नगास १२ टक्के. म्हणजे १,००० रुपयांच्या नगावर ५० रुपये कर, आणि एक रुपयाने महाग नगावर सुमारे १२० रुपये. अशा ठिकाणी कापड, भरतकाम आणि अस्तर हे सौंदर्याने ठरत नाहीत, पायरीने ठरतात. २०२५ मध्ये पायरी २,५०० रुपयांवर नेण्यात आली. पण तिची उंची वाढली, कारण वरचा दर १८ झाला. १,८०० रुपयांच्या सुटावर पूर्वी २१६ रुपये कर होता, तो ९० वर आला. उलट २,५०० च्या नगावर १२५ रुपये आणि २,६०० च्या नगावर ४६८. शंभर रुपयांच्या जादा कारागिरीला ३४३ रुपयांचा जादा कर. लग्नसराईचा भरजरी माल करणाऱ्यास हा बदल जड जातो, रोजच्या वापराचा माल करणाऱ्यास सुखाचा.

यातही एक शब्द आहेच. दर ‘नगास’ लागतो. सलवार, कमीज आणि ओढणी मिळून सूट होतो. तो एक नग की तीन? शिंपी त्यास सूट म्हणतो, गिऱ्हाईक ‘ड्रेस’ म्हणते, पावतीवर तो कसा लिहिला जातो यावर पायरीच्या कोणत्या बाजूला तो पडेल हे अवलंबून राहते. मराठीत जोड, संच, नग हे तीन निराळे शब्द आहेत, आणि धोतरजोडीचा व्यवहार करणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याला त्यांतील भेद चांगला कळत असे.

दर उतरला की धंद्याचे भले झाले, असे सरसकट मानता येत नाही. शिवणाऱ्याच्या मालावर ५ टक्के आणि त्याने घेतलेल्या भाडे, जाहिरात, हिशेबनीस इत्यादी सेवांवर १८ टक्के, अशी स्थिती झाली की भरलेल्या कराची वजावट पुरी होत नाही. ती खात्यात साचते. साचलेली रक्कम परत मिळण्याची तरतूद आहे, पण ती कच्च्या मालावरील करापुरती. सेवांवरील करास ती लागू नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा वैध ठरवली. कराच्या नावात वस्तू आणि सेवा ‘व’ या अव्ययाने जोडल्या गेल्या; परताव्याच्या नियमात तो ‘व’ सुटला. भांडवल थोडे असलेल्या दुकानदाराच्या दृष्टीने खात्यात दिसणारा आणि हातात न येणारा पैसा हा नफा नव्हे.

दुसरा धंदा भेडाघाटच्या दगडकामाचा. नर्मदेच्या काठच्या संगमरवराच्या आणि मऊ दगडाच्या मूर्ती, दिवे, शोभेच्या वस्तू येथे पिढ्यान्‌पिढ्या कोरल्या जातात. जुलै २०१८ मध्ये दगड, संगमरवर किंवा लाकूड यांच्या देवमूर्ती करमुक्त करण्यात आल्या. इतर कोरीव दगडी वस्तूंवर १२ टक्के राहिले, ते २०२५ मध्ये ५ झाले. एकाच कारागिराने एकाच शिळेतून सकाळी गणपती घडवला तर कर नाही. दुपारी हत्ती घडवला तर आहे. हा भेद हिंदीत सांगणे कठीण जाते, कारण हिंदीत ‘मूर्ति’ देवाचीही असते आणि नेत्याचीही. मराठीने मात्र तो केव्हाच करून ठेवला आहे : पूजेची ती मूर्ती, चौकातला तो पुतळा. टिळकांची मूर्ती कोणी म्हणत नाही आणि विठ्ठलाचा पुतळा म्हटले तर ऐकणारा दचकेल. करकायद्याने जी रेषा आखली ती योगायोगाने मराठीच्या या जुन्या रेषेवरच पडली आहे. तरीही प्रश्न उरतात. बुद्धाचे मुख दिवाणखान्यात ठेवण्यासाठी घेतले तर ती मूर्ती की शोभेची वस्तू? नंदी एकटा असला तर?

करमुक्तीचा लाभ कारागिरास किती, हेही पाहिले पाहिजे. वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असणाऱ्या विक्रेत्यास सामान्यतः नोंदणीच करावी लागत नाही, आणि बहुतेक मूर्तिकार या मर्यादेच्या खूपच आत असणार. त्याच्या पावतीवर दराचा बदल दिसत नाही. तो दिसतो दगडाच्या भावात. संगमरवराच्या ठोकळ्यावरील दर २०२५ मध्ये १२ वरून ५ वर आला. कापलेल्या फरशीवर मात्र १८ टक्केच राहिले. हत्यारे, पॉलिशचे साहित्य, बांधणीचे खोके यांवर भरलेला कर नोंदणी नसलेल्यास वजा मिळत नाही, आणि केवळ करमुक्त मूर्तीच विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यासही मिळत नाही. शून्य दर आणि करातून सुटका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीत दोहोंना ‘करमुक्ती’ हा एकच शब्द वापरला जात असल्याने हा घोटाळा भाषेतच राहून गेला आहे.

तिसरा धंदा विडीचा, आणि येथे शब्दांचा धागा पुन्हा पानाशी येऊन मिळतो. संस्कृत ‘वीटिका’ पासून विडा, आणि विड्याचेच लहान रूप विडी : एकात नागवेलीचे पान वळलेले, दुसरीत टेंभुर्णीचे. तेंदूपत्त्याचा व्यापार मध्य प्रदेशाने १९६४ च्या कायद्याने आपल्या नियंत्रणात घेतला; विसाव्या शतकाच्या आरंभापासून विडीचे केंद्र असलेल्या जबलपुरास त्याचा निकटचा संबंध. जुने केंद्रीय उत्पादनशुल्क विडीवर दर हजारी ठरलेल्या रकमेने घेतले जाई. २०१७ मध्ये हजाराचा हिशेब जाऊन टक्का आला आणि तोही २८, म्हणजे त्या वेळच्या चार मुख्य दरांतील सर्वांत वरचा. पत्त्यावर १८ टक्के होते, ते २०२५ मध्ये ५ झाले. विडीवरील दरही १८ करण्याचे त्याच सप्टेंबरात ठरले. परंतु तंबाखूच्या सर्व मालाबरोबर तिला थांबवून धरण्यात आले आणि नवा दर १ फेब्रुवारी २०२६ पासून आला. मधल्या महिन्यांत कारखानदार, सट्टेदार आणि किरकोळ विक्रेता या तिघांनाही येणारा दर ठाऊक होता, आणि चालू दराने माल उचलण्याची घाई कोणालाच असण्याचे कारण नव्हते. दरबदलाची आगाऊ वार्ता हाही एक परिणामच असतो. तो विडी वळणाऱ्या बाईच्या हाती येणाऱ्या पत्त्याच्या पुड्यापर्यंत पोहोचतो.

तिच्या बाबतीत एक अधिक गंभीर बदल २०१७ मध्येच झाला होता. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर एक लहानसा उपकर बसवून विडीकामगार कल्याणनिधी उभा केला होता. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीस साहाय्य ही कामे त्यातून होत. या कल्याणसंघटनेचे एक प्रादेशिक कार्यालय जबलपुरात आहे. वस्तू व सेवा कर येताना अनेक उपकरांबरोबर हाही उपकर रद्द झाला. योजना सर्वसाधारण अंदाजपत्रकातून चालू राहिल्या. पण विडीच्या पुड्याचा आणि विडीवालीच्या दवाखान्याचा जो सरळ, नावानिशी संबंध होता तो तुटला. दर मोठा झाला आणि त्यातला तिचा म्हणता येईल असा भाग नाहीसा झाला.

नव्या दरपत्रकाची भाषा इंग्रजी असली तरी तीत देशी शब्दांचा भरणा आहे, आणि त्यांची निवड पाहण्यासारखी आहे. फुगवलेल्या, कांडलेल्या आणि भाजलेल्या तांदळाच्या नोंदीत ‘मुडी’, ‘चिडा’, ‘खोई’ अशी पूर्वेकडील नावे आली आहेत. चुरमुरे, पोहे, लाह्या ही नावे नाहीत. सुटे असतील तर हे पदार्थ करमुक्त आणि वेष्टनात, नावपट्टीसह असतील तर ५ टक्के. वेष्टनावरचा हा भेद जुलै २०२२ पासून आला. मराठी राज्यातील ‘छापा’ हा मालावरचा शिक्का. दोन शतकांनंतरही शिक्का पडला की कर लागतो, हे सातत्य मोठे विलक्षण. पोळीच्या बाबतीत मात्र दरपत्रकाने शब्दांपुढे हात टेकले. रोटी व चपाती यांवर ५ आणि पराठ्यावर १८ टक्के, अशी स्थिती अनेक वर्षे होती आणि पराठा ही रोटी आहे की नाही यावर प्राधिकरणांपुढे वाद झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये खाकरा, चपाती, रोटी, पराठा, परोट्टा आणि ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी’ इतर भारतीय पोळी यांवरील कर शून्य करण्यात आला. पानालाही आता स्वतःची नोंद आहे. विड्याची पाने २०१७ पासून वस्तू व सेवा करातून वगळलेली आहेत, ती भाजी म्हणून नव्हे, पान म्हणूनच. १९४८ मध्ये नागपूरच्या विधिमंडळाने जी नोंद खोडली होती, ती जवळजवळ सत्तर वर्षांनी परत आली.